आमवातातील फुप्फुसविकृती : ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि धातूंचे असंतुलन

आमवाताच्या जीर्ण रुग्णास कोरडा कास आणि चढ चढताना श्वास लागू लागला की आपले लक्ष प्रथम तमकश्वासाकडे जाते. रुग्ण निस्तेज दिसला तर पांडूकडेही. परिणामी श्वासघ्न कल्प आणि जोडीला एखादा लोहकल्प अशी योजना होते. या दोन्ही निदानांचा फेरविचार व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. (येथे धातू म्हणजे रसरक्तादी नव्हेत, लोह, ताम्र, यशद ही खनिजे अभिप्रेत आहेत.)

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस किंवा सिस्टेमिक स्क्लेरोसिस यांसारख्या ऑटोइम्यून व्याधींत वायुकोशांच्या भित्तींमध्ये शोथ होऊन पुढे तेथे व्रणवस्तूसारखे तंतू साचतात. यास इंटरस्टिशियल लंग डिसीज म्हणतात. तमकश्वासात घुर्घुर शब्द आणि वेग असतो. येथे वेग नाही, कफ अल्प, आणि पाठीवर फुप्फुसाच्या तळाशी अंतःश्वासाच्या अखेरीस वेल्क्रोची पट्टी उलगडावी तसा बारीक चरचर आवाज ऐकू येतो. स्टेथोस्कोप पुढूनच लावला तर हा आवाज निसटतो. वृद्ध पुरुष, धूम्रपान करणारे आणि अँटी-सीसीपी बरेच वाढलेले रुग्ण यांत हा धोका अधिक असतो.

शोथस्थानी जमलेल्या पेशी सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. निरोगी फुप्फुसाच्या आतील द्रवस्तरात ग्लुटाथायोन हे रक्षक द्रव्य रक्तद्रवाच्या शंभर पटींहून अधिक असते, त्यामुळे एरवी हा मारा सोसला जातो. रक्षण करणारी एन्झाइम्सही खनिजांवरच अवलंबून आहेत : सुपरऑक्साइड डिस्म्यूटेसच्या एका प्रकारास ताम्र व यशद लागते, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेसला सेलेनियम. मात्र प्रथिनांच्या बंधनातून सुटलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटले की अतितीव्र हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते. फेंटन यांनी 1894 साली नोंदविलेली ती हीच रासायनिक क्रिया. ताम्राचेही असेच दुहेरी आहे. ते रक्षकास हवे, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांस घट्ट जोडणाऱ्या लायसिल ऑक्सिडेसलाही हवे.

म्हणूनच ताम्र काढून घेणारे डी-पेनिसिलामाइन स्क्लेरोसिसमध्ये दीर्घकाळ वापरले गेले. परंतु 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठी मात्रा आणि नाममात्र मात्रा यांच्या परिणामांत अंतर आढळले नाही.

व्यवहारात खरी अडचण रक्ताच्या अहवालात आहे. शोथ असताना इंटरल्युकिन-6 च्या प्रभावाने यकृत हेप्सिडिन स्रवते. हेप्सिडिनमुळे लोह भक्षकपेशींत कोंडले जाते आणि आंत्रातून त्याचे शोषणही मंदावते. सीरम आयर्न कमी येते, पण फेरिटिन प्राकृत किंवा वाढलेले असते. हा लोहाचा अभाव नव्हे, लोहाचा अवरोध आहे. संगाच्या भाषेत आपणांस हे सहज उमगावे. अशा रुग्णास नवायस लोहाची मात्रा वाढवीत नेल्याने हिमोग्लोबिन फारसे हलत नाही. शोथ असतानाही फेरिटिन 100 नॅनोग्रॅम प्रति मि.लि. हून कमी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 20 टक्क्यांखाली असेल, तर खरा लोहक्षय सोबत आहे असे धरावे आणि लोह द्यावे. (वेदनाशामके घेणाऱ्यांत आंत्रातून सूक्ष्म रक्तस्राव होत असतो, हेही विसरू नये.)

ताम्राची गोष्ट उलट. सेरुलोप्लाझमिन शोथात वाढते, म्हणून सीरम कॉपर वाढलेले दिसते. यशद मात्र यकृताकडे ओढले जाते व रक्तात कमी भासते. तो आकडा पाहून महिनोन्महिने झिंकच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्यास ताम्राचे शोषण रोखले जाऊन नवा पांडू आणि श्वेतकणांची घट उद्भवू शकते. म्हणून सीआरपी व ईएसआर सोबत पाहिल्याशिवाय खनिजांच्या आकड्यांवर औषध ठरवू नये.

मग अँटिऑक्सिडंट द्यावीत काय? 2005 साली इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिसमध्ये एन-असिटिलसिस्टीनने आशा दाखविली होती. 2014 च्या चाचणीत प्लासिबोहून अधिक लाभ दिसला नाही. तो व्याधी निराळा असला तरी धडा लागू पडतो. च्यवनप्राश वा गुडूची जरूर द्यावी, परंतु 'फुप्फुसातील तंतू विरघळतात' असे रुग्णास सांगू नये.

आरोग्यवर्धिनीत लोह व ताम्र ही दोन्ही भस्मे असतात. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर ती, एखादा मंडूर आणि सूर्यावर्त एकत्र आले तर एकूण मात्रा मोजली आहे काय, हे विक्रेत्यानेही विचारावे. निर्मात्यांनी ताम्रभस्माची दह्यातील परीक्षा प्रत्येक बॅचला करावी. दही हिरवटले तर मारण अपुरे आहे, तो माल पुन्हा पुटाला जावा.

संशयित रुग्णास सपाट जागी सहा मिनिटे चालवून ऑक्सिमीटर पाहावा. बसल्या जागी 96 असलेला आकडा चालल्यावर 4 किंवा अधिकने उतरला, तर एचआरसीटी व फुप्फुसक्षमतेच्या तपासणीसाठी छातीविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. तंतूंची वाढ मंदावणारे निंटेडॅनिब आज उपलब्ध आहे; स्क्लेरोसिसजन्य फुप्फुसविकारात त्याचा उपयोग 2019 साली सिद्ध झाला. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णास अचानक ज्वर, शुष्क कास व श्वास उत्पन्न झाल्यास आपल्या औषधाची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.