मुरड्याची गोळी : कोणी, केव्हा आणि किती?

जेवण झाले की पोटात मुरडा येतो, शौचास धावावे लागते. कधी चार दिवस पातळ शौच, तर कधी बद्धकोष्ठ. सर्व तपासण्या मात्र निर्दोष येतात. अशा रुग्णाला 'तुम्हाला काहीच झालेले नाही' म्हणून परत पाठवणे योग्य नव्हे. या विकाराला 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' म्हणतात. यात आतड्याची रचना ठीक असते, काम बिघडते. आतडे नको तितके संवेदनशील होते व त्याचे स्नायू अवेळी आवळतात.

हे स्नायू सैल करणारी औषधे मुख्यतः दोन तऱ्हेची आहेत. डायसायक्लोमीन हे मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेश अडवते. पण तसाच संदेश लाळग्रंथी, डोळे व मूत्राशयालाही जातो. त्यामुळे तोंड कोरडे पडते, नजर अंधुक होते, बद्धकोष्ठ वाढते. काचबिंदू असलेल्यांनी व प्रोस्टेट वाढून लघवी अडखळणाऱ्यांनी ते घेऊ नये. सहा महिन्यांखालील बाळाला तर हे औषध थेंबानेही देऊ नये. श्वास अडखळण्याचा धोका असतो.

दुसरे मेबेव्हरीन. ते थेट आतड्याच्या स्नायूवर काम करते, म्हणून वरील त्रास कमी होतो. मोठ्या माणसांना १३५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, जेवणापूर्वी २० मिनिटे देतात. आराम पडल्यावर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात.

एक सवय मात्र घातक आहे. पाळीच्या दुखण्यासाठी घरात आणून ठेवलेली गोळी पोट दुखले की सारेच घेतात. अशा अनेक गोळ्यांत डायसायक्लोमीनबरोबर मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामकही असते. ते रोज घेतल्यास जठराला व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडालाही इजा पोहोचू शकते.

शिवाय गोळीने कळ थांबते, कारण कळत नाही. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, ताप, दुखण्याने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून जाग येणे, पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू होणे किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास आधी तपासणी, मग गोळी. अचानक असह्य दुखून पोट कडक झाले तर गोळी घेऊन वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे.

निदान पक्के झाल्यावर वेळेवर जेवण, बेताचा चहा, पुरेशा पाण्यासह इसबगोल आणि पुरेशी झोप यांची जोड द्यावी. गोळी ही कळीच्या दिवसांची सोबत आहे, रोजचा आहार नव्हे.