हरकाचा माज : कारणे व उपाय

पेण तालुक्यात गडब, कासू या बाजूस खाडीलगतची सखल जमीन भाताची आणि डोंगरउतारावरची वरकस पिकांची. वरकस जमिनीत आधी नाचणी, मागाहून वरी आणि जमिनीचा कस उतरला म्हणजे अखेरीस हरीक, असा क्रम कोकणात पूर्वीपासून चालत आला. मुरमाड जमिनीत, थोड्या मेहनतीत येणारे व वर्षानुवर्षे टिकणारे हे धान्य गरिबाच्या घरचा आधार होते. पुढे हरीक मागे पडला. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून त्याची चौकशी पुन्हा होऊ लागली आहे. बाजारात 'कोद्रा' अथवा 'कोदो' या नावाने मिळते ते हेच धान्य होय. मात्र ते हाताळण्याची जाण असलेली वडीलधारी माणसे आता थोडी उरली आहेत.

हरीक खाल्ल्याने कधीकधी 'माज' चढतो, हे कोकणात सर्वांना ठाऊक होते. जेवल्यानंतर थोड्याच वेळात भोवळ येते, हातपाय कापतात, उलट्या होतात, जीभ जड पडते, गुंगी येते. प्रमाण अधिक झाल्यास माणूस बेशुद्ध पडतो. बहुतेक रोगी एकदोन दिवसांत सावरतात, तथापि लहान मुले व अशक्त माणसे यांच्या बाबतीत हयगय करणे धोक्याचे आहे. अशा धान्यास 'माजरा हरीक' म्हणत व ती हरकाची निराळी जातच आहे असा समज होता. हा समज बरोबर नाही. एकाच शेतातील हरीक एका वर्षी निर्धोक असतो व दुसऱ्या वर्षी माजतो. यावरूनच दोष बियाण्यात नाही हे उघड होते.

दोष बुरशीचा आहे. हरीक आश्विन-कार्तिकात पक्व होतो. त्या सुमारास परतीचा पाऊस लागला, अथवा ओले पीक ढिगात दडपून ठेवले, म्हणजे दाण्यावर ॲस्परजिलस वर्गातील बुरशी वाढते. विषारी हरकात सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष असल्याचे शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले. हे विष किती तीव्र असते याचे उदाहरण अलीकडचेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बांधवगडच्या जंगलात तेरा हत्तींच्या कळपाने शेतातील कोदोचे पीक खाल्ले व त्यांपैकी दहा हत्ती दगावले. तपासणीत हेच विष आढळले. हत्तीची ही गत, तेथे गोठ्यातील बैलाची काय कथा! म्हणून पावसात काळवंडलेला हरकाचा पेंढाही जनावरांपुढे टाकू नये. माणसांसाठी नको म्हणून बाजूला काढलेले धान्य गुरांना घालण्याची सवय येथे नुकसानीची ठरते.

पीक तयार होताच उघडीप पाहून कापणी करावी. कापलेले पीक शेतात भिजत न ठेवता पातळ पसरून वाळवावे. मळणीनंतर दाणे कडक उन्हात चांगले वाळवून, दाताखाली कटकन फुटतील असे झाल्यावरच कणगीत भरावेत. पावसात सापडलेला माल चांगल्या मालात मिसळू नये. चार पायली वाचविण्याच्या लोभाने सारी कणगी बिघडते. काळपट, बुरसट वासाचा किंवा भुकटी सुटणारा हरीक खाऊ नये व विकूही नये.

हरीक शेणपाण्यात भिजवून, धुऊन वाळविण्याची रीत पूर्वी होती. तिने पोकळ दाणे तरंगून निघून जात असतील. परंतु दाण्यात शिरलेले विष तेवढ्याने जाईल असे धरून चालू नये. शिजविण्यानेही ते नाहीसे होईल याचा भरवसा नाही. शिवाय धुतलेले धान्य नीट वाळले नाही तर बुरशीला नवे आमंत्रणच मिळते.

घाटावरून येणाऱ्या बाजरीतही याच प्रकारचा धोका असतो. तिच्यावरील अरगट रोगात कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो व दाण्याच्या जागी काळसर, कठीण ग्रंथी तयार होतात. अशी बाजरी खाल्ल्याने मळमळ, उलट्या व गुंगी येते. १९५६-५७ च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात आणि १९७५ मध्ये राजस्थानात असे प्रसंग घडले आहेत. येथे मात्र उपाय सोपा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचे बी सोडल्यास ग्रंथी तरंगतात. त्या काढून जाळाव्यात आणि तळाचे बी साध्या पाण्याने दोनतीन वेळा धुऊन सावलीत वाळवून पेरावे. हरकाच्या बुरशीला अशी युक्ती लागू पडत नाही, हा फरक गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंस अवश्य समजावून द्यावा.

एकाच घरातील अनेकांना जेवणानंतर भोवळ आली, तर नजर लागली किंवा बाधा झाली म्हणून वेळ दवडू नये. त्या धान्याचे अन्न तत्काळ बंद करावे आणि रोग्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. माज उतरविण्यासाठी ताक पाजण्याची चाल आहे. परंतु गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरण्याचा संभव असतो. त्यास कुशीवर निजवावे. उरलेले अन्न व मूठभर कच्चे धान्य निरनिराळ्या पुड्यांत बांधून डॉक्टरांना दाखवावे, आणि त्याच खळ्यावरील धान्य आणखी कोणाच्या घरी गेले आहे याची चौकशी त्याच दिवशी करावी.