चढ लागण्याआधी

केपीएचबी कॉलनी,
कुकटपल्ली, हैदराबाद

चि. मृणाल हिस,


नोकरीला इकडे येताना गियरची सायकलही आणतेस, हे वाचून फार बरं वाटलं. मात्र एकदा लावलेल्या गियरला तू हात लावत नाहीस आणि चढ आला की उभी राहून रेटतेस, हे मला पटलं नाही. नांदेडात निभावलं असेल. इथं कॉलनीतून हायटेक सिटीकडे निघालीस की रेल्वेमार्गावरचा कैतलापूरचा उड्डाणपूल लागतो. २०२२ साली तो झाला आणि फेरा वाचला, पण चढ आहे आणि मागे गाड्यांची रांग. अर्ध्या चढावर पाय अडला की सायकल डुलते, आणि मागच्या गाडीवाल्याला तुझा अंदाज येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट नीट ध्यानात घे. गियर बदलायचा तो चढ लागण्याआधी, पाय अजून मोकळे फिरत असताना. मागचा डिरेलर चेनला फक्त बाजूला ढकलतो. शेजारच्या चकतीवर ती चढते पेडल फिरत असेल तरच. तू सगळा भार देऊन पेडल दाबत असलीस की ताणलेली चेन दात सोडत नाही. मग कर्रकर्र आवाज येतो, चेन उडी मारते, कधी उतरते. पुलाचा चढ दिसला की दोन-चार फेरे पाय हलके सोड, पेडल फिरतं ठेव आणि उजव्या हाताने एकेक गियर हलका कर. डावा हात पुढच्या चकत्यांचा. तो चढावर तर मुळीच नको, सपाटीवरच उरकून घे.

आकड्यात सांगतो, म्हणजे पटेल. पुढे ४२ दात आणि मागे १४ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तीन वेळा फिरतं, सायकल साधारण साडेसहा मीटर जाते. पुढे २८, मागे २८ केलेस तर चाक एकदाच फिरतं, जेमतेम सव्वादोन मीटर. अंतर कमी, पण गुडघ्यावरचा भारही तितकाच कमी. कोणता गियर बरोबर, हे शिफ्टरवरच्या आकड्यावरून ठरवू नकोस, पाय किती भरभर फिरतात त्यावरून ठरव. पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली जातो ते मोज. वीसच्या आसपास आला तर ठीक. बारा-तेरावर आला तर गियर जड आहे. सीटवर उडायला लागलीस तर फारच हलका.

दुसरी गोष्ट या कुकटपल्लीचीच. मेट्रोच्या खांबांमधून जाणारा इथला रस्ता म्हणजे सिग्नलमागून सिग्नल. जेएनटीयूच्या चौकात लाल दिवा दिसला की ब्रेक दाबायच्या आधीच दोन गियर हलके कर. थांबल्यावर ते होणार नाही. जड गियरवर थांबलीस तर हिरवा दिवा लागल्यावर पहिलं पेडलच उचलत नाही, आणि दुचाकीवाले दोन्हीकडून घुसतात.

हलका गियर घेणं म्हणजे कमजोरी, असं दादा म्हणतो म्हणे. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या आयोजकांनाही एके काळी असंच वाटायचं. १९३७ साली त्यांनी डिरेलरला परवानगी दिली. तोवर घाटाच्या पायथ्याशी खाली उतरून मागचं चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या चकतीवर चेन चढवायची. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. इतक्या दिवसांत गुडघे शाबूत ठेवायचे तर पायांची लय सांभाळावीच लागते. दादाला हे सांग.

आल्यावर पहिल्या रविवारी आपण बाह्यवळण रस्त्यालगतच्या सायकल ट्रॅकवर जाऊ. २३ किलोमीटरचा आहे, २०२३ पासून खुला आहे, वर सौर पॅनेलचं छत आहे आणि मोटारींची भीती नाही. नजर खाली न नेता गियर टाकण्याचा सराव तिथेच करू.

निघण्यापूर्वी मागच्या गियरची वायर तपासून घे. नवी वायर थोड्या दिवसांत सैल पडते आणि मग गियर पडता पडत नाही. सायकल रेल्वेने पाठवलीस तर डिरेलर आतल्या बाजूला राहील अशी बांधायला सांग.

तुझा,
काका