लग्नातला मस्कारा अजून चालेल?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी लग्नात घेतलेला मस्कारा आणि लिपस्टिक अजून निम्मी शिल्लक आहे. टाकणं जिवावर येतं. वापरू का?
– एक वाचक, कोडोली (जि. कोल्हापूर)

उत्तर : मस्काऱ्याला आजच निरोप! ब्रश पापण्यांवरचे जंतू घेऊन नळीत परततो. आत ओल आणि अंधार, म्हणजे त्यांची चंगळच. उघडल्यापासून तीन, फार तर सहा महिने त्याचं आयुष्य. सुकला म्हणून पाण्याचा थेंब टाकणं हा तर डोळ्यांशी खेळ.

लिपस्टिकमध्ये पाणी जवळपास नसतंच, म्हणून ती जास्त टिकते. पण तीन वर्षं नाही. खवट वास आला की संपलं.

इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वापरातली ४६७ प्रसाधनं तपासली, तेव्हा बहुतेकांत जीवाणू सापडले. सर्वांत वाईट हाल मेकअपच्या स्पंजचे : ९३ टक्के कधी धुतलेच नव्हते, ६४ टक्के जमिनीवर पडूनही वापरात होते!

डबीवर झाकण उघडलेल्या बरणीचं चित्र शोधावं. त्यातलं ‘१२ एम’ म्हणजे उघडल्यावर बारा महिने. छापलेली अंतिम तारीख निराळी. आणि घरात कुणाचे डोळे आले असतील, तर त्यांनी वापरलेली काजळाची डबी सामायिक ठेवू नये, सरळ फेकावी.