ट्यूबलाइटचा चोक

भिवंडीतील यंत्रमागाचा कारखाना तुम्ही पाहिला आहे का? तुमच्यापैकी काहींचे अब्बा किंवा चाचा अशा कारखान्यात काम करत असतील. तेथे मागांचा खडखडाट एवढा असतो, की शेजारच्या माणसाशीही खुणेने बोलावे लागते.

एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, पूर्वी रात्रपाळीला ट्यूबलाइटच्या उजेडात मोटारीचे चाक उलटे फिरताना दिसायचे, असे माझे चाचा सांगतात. हे खरे आहे का?"

वर्गात हशा पिकला. पण चाचांचे म्हणणे खरे होते.

ट्यूबलाइटच्या नळीत पाऱ्याची थोडी वाफ असते. (पाऱ्याला उर्दूतही पाराच म्हणतात. एक शब्द पाठ करण्याचे कष्ट वाचले!) या वाफेतून वीज वाहू लागली, की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. नळीच्या आतील पांढरा थर ते शोषून घेतो आणि उजेड देतो. मात्र वाफेतून वाहणारी वीज आवरली नाही, तर ती वाढतच जाते आणि नळी खराब होते. तिला आवरण्याचे काम चोक करतो. जुना चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. तो जड असे, तापत असे, गुणगुणत असे आणि ४० वॅटच्या नळीबरोबर स्वतःही दहा-बारा वॅट वीज खात असे.

आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे वाहते. त्यामुळे जुन्या चोकवरची नळी सेकंदाला १०० वेळा मंद होते. मंद म्हणजे मद्धम. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. आता चार आऱ्यांचे एक चाक घ्या. मोटार ते मिनिटाला सुमारे १४४० वेळा, म्हणजे सेकंदाला २४ वेळा फिरवते. उजेडाच्या एका लखलखाटापासून दुसऱ्यापर्यंत प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी जवळजवळ पोहोचतो, पण थोडा मागे राहतो. म्हणून चाक हळूहळू उलटे फिरल्यासारखे वाटते. वेग बरोबर १५०० असता, तर ते थांबलेलेच दिसले असते! बंद आहे असे समजून कोणी हात घातला तर? म्हणून जाणकार वायरमन शेजारशेजारच्या नळ्या वेगवेगळ्या फेजवर जोडत. एक मंद झाली, की दुसरी उजळलेली असे.

पुढे इलेक्ट्रॉनिक चोक आला. तो नळीला सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा मागेपुढे होणारी वीज देतो. एवढ्या घाईत उजेडाला मंद व्हायला सवडच मिळत नाही. त्याला स्टार्टरही लागत नाही. संध्याकाळी व्होल्टेज उतरले, की जुनी ट्यूब नुसती लुकलुकत राही. नवा चोक तेव्हाही तिला पेटवी.

"मग पंख्याच्या रेग्युलेटरने ट्यूब मंद करता येईल का, सर?" त्याच मुलाचा पुढचा प्रश्न.

तसे करता येत नाही. वीज कमी केली, की नळीच्या टोकांच्या तारा थंड पडतात आणि नळी लुकलुकून विझते. यासाठी खास इलेक्ट्रॉनिक चोक असतो. तो वीज आणखी वेगाने मागेपुढे करतो. वेग वाढला, की चोकमधील तारेचे वेटोळे विजेला अधिक अडवते आणि उजेड कमी होतो. त्याच वेळी टोकांच्या तारांना तो वेगळी वीज देऊन गरम ठेवतो. अशा अनेक चोकना हुकूम देण्यासाठी दोन वेगळ्या तारा असतात. त्यांवर १० व्होल्ट असले, की पूर्ण उजेड आणि १ व्होल्ट असला, की सर्वांत कमी. रुग्णालयात रात्री किंवा खिडकीजवळच्या बाकांवर दुपारी पूर्ण उजेड कशाला हवा? आपल्याकडे असे चोक कमीच दिसले, कारण ते महाग होते.

आता मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीच्या घराघरांत एलईडी दिवे आले आहेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ साली ठरवले, की २०२७ नंतर ट्यूबलाइट बनवायच्या नाहीत. पण एलईडीच्या आतही चोकसारखाच एक भाग असतो आणि तो हलका असेल, तर तो दिवाही सेकंदाला १०० वेळा मंद होतो. आज रात्री दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवून पाहा. एक अस्पष्ट पट्टा दिसला, तर दिवा चांगला. अनेक पेन्सिली वेगवेगळ्या दिसल्या, तर चाचांना बोलावून दाखवा.