गुडघ्यांसाठी सल्फरच्या गोळ्या : डबा घेण्याआधी वाचा



सध्या जेटीवर, सोसायटीच्या ऑफिसात एकच विषय, गुडघे. रापण ओढून, इंजिनापाशी उकिडवे बसून गुडघे बोलायला लागले की कोणीतरी मोबाईलवर जाहिरात दाखवतो, 'सल्फर घ्या, झिजलेली गादी भरून येईल.' मी स्वतः दोन डबे संपवले. फरक पडला का, तर खरं सांगायचं म्हणजे कळलं नाही. म्हणून थोडं वाचून, डॉक्टरांना विचारून लिहितोय.

'सल्फर' म्हणजे एकच औषध नव्हे. डब्यात एमएसएम, ग्लुकोसामाईन सल्फेट, कॉन्ड्रॉईटिन सल्फेट यांपैकी एक असतं, कधी तिन्ही. यातलं ग्लुकोसामाईन बहुतेक करून सुंगटं आणि कुर्ल्यांच्या कवचापासून काढतात. आपण सोलून फेकतो तीच सालं, आणि आपल्याच गुडघ्यांसाठी महाग होऊन परत येतात! कॉन्ड्रॉईटिन जनावरांच्या किंवा मोरीच्या कूर्चेपासून मिळतं.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिलाच आपण गादी म्हणतो. तिच्यातलं कॉन्ड्रॉईटिन सल्फेट पाणी धरून ठेवतं, म्हणून दाब पडला तरी ती स्पंजासारखी परत फुगते. इथपर्यंत जाहिरात खरी. पण तोंडाने घेतलेली गोळी पोटात पचते. ती थेट गुडघ्यात जाऊन गादी भरते, असं सिद्ध झालेलं नाही. आणि सल्फर म्हणाल तर तो बांगडा-तारलीच्या प्रथिनांत, अंड्यात असतोच.

अमेरिकेत दीड हजारावर गुडघेदुखीच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००६ साली निकाल आला. २४ आठवड्यांनी ग्लुकोसामाईन आणि कॉन्ड्रॉईटिन दोन्ही घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं. आणि ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली, त्यांच्यातही ६० टक्के! एवढ्या थोड्या फरकावरून गोळीचा गुण म्हणता येत नाही. जास्त दुखणाऱ्या थोड्या लोकांत दोन्ही मिळून उपयोग दिसला, पण तो गट लहान होता. त्या चाचणीत ग्लुकोसामाईन सल्फेट नव्हतं, हायड्रोक्लोराईड होतं, म्हणून वाद अजून चालू आहे. एमएसएमच्या चाचण्या छोट्या, तीनेक महिन्यांच्या. दुखणं थोडं कमी झालं, बस.

आता महत्त्वाचं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर ग्लुकोसामाईन डॉक्टरांना न विचारता अजिबात घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. सुंगटं-कुर्ल्या खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांनीही आधी विचारावं. काही डब्यांत ग्लुकोसामाईन सल्फेटबरोबर मीठ किंवा पोटॅशियम क्लोराईड असतं, तेव्हा प्रेशर आणि किडनीवाल्यांनी लेबल बघावं. 'सल्फा'ची ॲलर्जी मात्र वेगळी. ती सल्फा औषधांची, या सल्फरशी तिचा संबंध नाही.

मग करायचं काय? मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन कमी करणं, यांचा पुरावा गोळ्यांपेक्षा भक्कम आहे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, मग दुसरा. पैसा लागत नाही म्हणूनच कोणी जाहिरात करत नाही, असं माझं मत.

गुडघा अचानक सुजला, गरम झाला, सोबत ताप आला तर मलम चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरात डबा आणलेला असेल तर ऑफिसात घेऊन या, लेबलावर काय लिहिलंय ते बसून वाचू. घ्यायचं की नाही ते डॉक्टर सांगतील, मी नाही.

– सचिव