भरलेली ट्रंक आणि निर्दोष डोळा

वाचन : मत्तय ६ : १९-२४, लूक १२ : १३-३४

नाताळ जवळ आला की आपल्या घरोघरी साफसफाई सुरू होते. माळ्यावरचे सामान खाली येते, धूळ झटकली जाते, "हे अजून कशाला ठेवले आहे?" यावरून थोडा वाद होतो आणि सायंकाळपर्यंत बहुतेक सामान पुन्हा माळ्यावर जाऊन बसते. बदलीच्या नोकरीनिमित्त इंदूर, बडोदे, सिकंदराबाद अशा ठिकाणी फिरणाऱ्या आपल्या बांधवांची गोष्ट आणखी निराळी. मागच्या बदलीत बांधलेली खोकी न उघडताच पुढच्या गावी जातात. या न उघडलेल्या खोक्यांविषयी पवित्र शास्त्राला काही सांगावयाचे आहे काय?

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू पृथ्वीवरील संपत्तीविषयी बोलतो आणि पुढे दोन धन्यांच्या चाकरीविषयी बोलतो. या दोहोंच्या मध्ये डोळ्याविषयीची दोन वचने आली आहेत. वाचताना ती जरा अस्थानी वाटतात. धनाचा विषय चालू असता एकाएकी डोळा कोठून आला? आपल्या परिचयाच्या भाषांतरात तेथे 'निर्दोष' डोळा असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'हाप्लूस' असा आहे. त्याचा मूळ अर्थ एकेरी, म्हणजे ज्याला दुसरा पदर नाही असा. त्याच्या उलट 'दिप्लूस', म्हणजे दुहेरी. भाषांतरकाराची येथे पंचाईत होते. मराठीत 'एकेरी' म्हटले की कोणी कोणाचा अपमान केला असे वाटते, आणि 'एकेरी डोळा' म्हटले तर काहीच कळत नाही. 'निर्दोष' हा शब्द चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यात एक धागा हातून सुटतो.

तो धागा असा. याच शब्दापासून झालेले नाम पौलाच्या पत्रांत अनेकदा येते. इफिस ६ : ५ मध्ये त्याचा अर्थ मनाचा सरळपणा असा होतो, पण २ करिंथ ८ : २ आणि ९ : ११ मध्ये त्याच शब्दाचे भाषांतर 'औदार्य' असे करावे लागते. मासेदोनियातील मंडळ्या अत्यंत दरिद्री असता त्यांचे जे औदार्य ओसंडून वाहिले, तो हाच शब्द. शिवाय इब्री भाषेचा संस्कार लक्षात घ्यावा. नीतिसूत्रे २२ : ९ मध्ये गरिबाला आपल्या अन्नातून देणारा मनुष्य मुळात 'चांगल्या डोळ्याचा' आहे, अनुवाद १५ : ९ मध्ये गरजू भावाला हात आखडणाऱ्याचा डोळा वाईट आहे. हे ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना प्रभूचे बोलणे अस्थानी वाटले नसावे. साधेपणा हा एक गुण आणि औदार्य हा दुसरा, अशी आपण वाटणी करतो. प्रभूच्या त्या एका शब्दात दोन्ही एकत्र नांदतात.

घर कसे आवरावे, सामान कसे कमी करावे, याविषयी आजकाल पुष्कळ पुस्तके निघतात. त्यांची मी थट्टा करीत नाही; ज्याला स्वतःचा चष्मा शोधण्यास अर्धा तास लागतो त्याने ती करूही नये. तथापि त्यांतील बहुतेक प्रश्न 'मला' या शब्दापाशी येऊन थांबतात : ही वस्तू मला हवी आहे काय, तिच्यामुळे मला समाधान मिळते काय? लूकच्या १२ व्या अध्यायातील धनवानही व्यवस्थित मनुष्य होता. त्याची अडचण केवळ जागेची होती, आणि त्याने तिचा आराखडाही नीट केला. पण त्याचे ते स्वगत मूळ भाषेत मोजून पाहा. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव, असे 'माझे' चार वेळा येते. दुसऱ्या मनुष्याचा उल्लेख एकदाही येत नाही. चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरियाच्या बेसिलने याच दाखल्यावर प्रवचन केले. पेटीत पडून राहिलेला अंगरखा हा उघड्याच्या मालकीचा आहे, अशा आशयाचे त्याचे बोलणे आजही वाचणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही.

परंतु साठवणारा प्रत्येक जण लोभीच असतो काय? आमच्या आईची एक पत्र्याची ट्रंक होती. १९७२ चा दुष्काळ तिने लहान मुले पदरी असताना काढला होता. तेव्हापासून रिकामा डबा, दोरीचा तुकडा, जुने धडुते, काही म्हणून ती टाकीत नसे. ट्रंकेत दोन नव्या लोकरी घोंगड्या होत्या. "कधी वेळ सांगून येते का?" असे ती म्हणे. तिच्या पश्चात आम्ही ट्रंक उघडली, तेव्हा डांबरगोळ्या केव्हाच विरून गेल्या होत्या आणि घोंगड्यांची कसरीने चाळण केली होती. मत्तय ६ : १९ मध्ये ज्या शब्दाचे भाषांतर आपण 'जंग' असे करतो, त्याचा मूळ अर्थ 'खाणे' एवढाच आहे, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले होते. त्या दिवशी ते हातात घेऊन पाहिले. आमच्या गल्लीतला रखवालदार प्रत्येक हिवाळ्यात गोणपाट पांघरून बसे. घोंगड्या आहेत हे मला ठाऊक होते. आईजवळ विषय काढण्याचा संकोच मी केला, आणि त्या संकोचाला मातृभक्ती असे नाव दिले.

आईचा तो लोभ नव्हता. ती भीती होती. म्हणूनच लूक १२ मधील क्रम मला मोलाचा वाटतो. विकून दानधर्म करण्याची आज्ञा ३३ व्या वचनात आहे. त्याआधी, ३२ व्या वचनात, प्रभू आपल्या लहान कळपाची भीती काढून टाकतो. ज्याने उपासमार पाहिली आहे त्याच्या हातून डबा हिसकावून घेऊन त्याला साधेपणा शिकविता येत नाही. सुनांनी सासूच्या आणि नवऱ्यांनी बायकोच्या वस्तूंवर आपले वैराग्य चालवू नये. प्रारंभ स्वतःच्या कपाटापासून करावा. माझ्या कपाटात भाषांतराच्या जुन्या कच्च्या प्रतींचे सात गठ्ठे होते, हे येथे कबूल करतो. त्यांपैकी चार रद्दीवाल्याकडे गेले आहेत.

नको झालेले देणे म्हणजे औदार्य, असाही समज करून घेऊ नये. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. जे आपण अंगावर घालणार नाही ते दुसऱ्याने का घालावे? अशा चिंध्यांची घरात पुसणी करावीत. कपडे बोहारणीला दिल्यास कपाट रिकामे होते हे खरे. मात्र बदल्यात आलेले पातेले मांडणीवर चढते.

सर्व काही देऊन टाकावे असेही शास्त्र सांगत नाही. बंदिवासात असलेला पौल त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषेकरून चर्मपत्रे मागवितो (२ तीमथ्य ४ : १३), आणि हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करतो. तो झगा कार्पाच्या घरीही पडूनच होता, पण तो कोणासाठी ठेवला आहे हे कार्पाला ठाऊक होते. या आठवड्यात आपण एकच पेटी उघडावी आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू हाती घेऊन विचारावे, ही कोणासाठी ठेवली आहे? नाव आठवले तर ती ठेवावी, किंवा त्या मनुष्याकडे पोहोचवावी. आमच्या गल्लीतील रखवालदार आता बदलला आहे. नव्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की घोंगडी त्याच्याकडे आहे, पायात मात्र काही नाही. त्याच्या पायाचे माप घेऊन ठेवले आहे.